टाचेला हात लावला की पोर किंचाळतं. एनआयसीयूतल्या (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातल्या) टोचण्यांमुळे असेल का?

सव्वाकिलो:

माझा मुलगा २९व्या आठवड्यात झाला. वजन १२४० ग्रॅम, ४३ दिवस काचेच्या पेटीत. आता दीड वर्षाचा आहे (डॉक्टर दिलेल्या तारखेपासून मोजतात, त्या हिशेबाने सव्वा वर्षाचा). भिंत धरून चालतो, खालच्या कप्प्यातले डबे काढून पोहे-साबुदाणा एक करतो. सगळं छान चाललंय. फक्त टाच.

परवा सासूबाईंनी सोनाराकडून चांदीचे वाळे आणले. मांडीवर घेऊन लाडाने डावा पाय धरला आणि तो किंचाळला. रोजचं रडणं नव्हे. आधी नुसतं तोंड उघडतं, आवाजच फुटत नाही, चेहरा जांभळा होतो आणि मग सगळा जीव एकवटून येतं ते. मोजे मी तो झोपल्यावर घालते. मालिशवाल्या मावशींनी दुसऱ्याच दिवशी हात टेकले होते.

दोन्ही टाचांच्या कडेला पांढरे बारीक ठिपके आहेत, राजगिऱ्याच्या दाण्याएवढे. एकदा मोजायला बसले. डाव्या टाचेवर २३ झाले, मग मोजणं सोडलं. शुगर, बिलिरुबिन (काविळीसाठी), रक्तातले गॅस, सगळ्या तपासण्यांचं रक्त टाचेतूनच काढायचे. शीर सापडायची नाही म्हणून इंट्राकॅथसाठी (सलाईनच्या नळीसाठी) टोचायचे ते वेगळंच.

सासूबाई म्हणतात, "एवढंसं होतं तेव्हा, त्याला काय आठवतंय? तुझ्याच डोक्यात बसलंय." खरंच काही राहत नाही का? आणि राहत असेल तर ते टाचेपुरतंच, की मेंदूवरही परिणाम होतो?

अजून एक, इथे नाव नाही म्हणून लिहिते. सिस्टर ट्रे घेऊन आल्या की मी बाहेर चपलांच्या रॅकपाशी जाऊन उभी राहायचे. जा असं कुणी म्हणालं नव्हतं. मलाच बघवायचं नाही.

रात्रपाळी:

अगं, मी ३१ वर्षं सिस्टर होते, त्यातली निम्मी एनआयसीयूत. आम्ही लागलो तेव्हा आम्हीसुद्धा तुझ्या सासूबाईंसारखंच म्हणायचो, बाळाला काय कळतंय. तो अडाणीपणा नव्हता, तसं शिकवलंच जायचं. आणि फार लहान बाळं तर रडतही नाहीत. टोचलं की बोटं फाकतात, कपाळाला आठी पडते, ऑक्सिजन खाली येतो आणि मग बाळ एकदम मलूल होतं. आम्हाला वाटायचं, किती शहाणं बाळ!

नंतर शिकलो. टाच आधी कोमट करायची, कडेला टोचायचं, मध्यभागी कधीच नाही. दोन मिनिटं आधी जिभेवर साखरेच्या पाण्याचे थेंब नाहीतर आईचं दूध. दुसरीने हातपाय पोटाशी गोळा करून धरायचे. सगळ्यात उत्तम म्हणजे आईच्या छातीवर असतानाच टोचायचं. तुला कुणी आत बोलावलं नाही ही आमच्या लोकांची चूक, तुझी नव्हे. रॅकपाशी उभ्या राहिलेल्या आया मी शेकड्याने बघितल्यात.

आता असं कर. टाच धरूच नकोस. मांडीपासून सुरुवात कर, तळहात ऊन करून आख्खं पाऊल कवेत घे, बोटांनी दाबू नकोस. तो ओढून घेईल, घेऊ दे. आणि लहान मुलांच्या ऑक्युपेशनल थेरपिस्टला एकदा दाखव.

ओवीचा_बाबा:

आमची ओवी २८ आठवड्यांची, आता ९ वर्षांची. इंजेक्शनला हात पुढे करते, पण शर्टाच्या कॉलरचं लेबल सहन होत नाही, कापावंच लागतं. बरीच वर्षं मी प्रत्येक गोष्ट पेटीच्या खात्यावर मांडायचो. मग धाकटा झाला, पूर्ण दिवसांचा, साडेतीन किलोचा. त्याचीही लेबलं कापतो.

उंदीरवाला:

डॉक्टर नाही, वेदनेवर पीएचडी करतोय, तीही उंदरांवर. त्यामुळे सल्ला नाही, फक्त माहिती.

'आठवण' आणि 'परिणाम' या दोन वेगळ्या गोष्टी. प्रसंग आठवत नाही हे सासूबाईंचं बरोबर. पण दुखण्याची तार आधी जोडली जाते आणि ब्रेक नंतर बसतो. मेंदूकडून मणक्यात येऊन वेदना दाबणारे मार्ग २९ आठवड्यांना कच्चे असतात. म्हणजे त्या वयात दुखतं कमी नाही, आवरलं कमी जातं. लंडनच्या मारिया फिट्झजेराल्ड यांच्या गटाने १९८९मध्ये नेमक्या टाचाच तपासल्या. वारंवार टोचलेली टाच दुसऱ्या टाचेच्या मानाने निम्म्या जोराच्या स्पर्शालाही ओढली जायची. बधिर करणारं मलम नियमित लावलं तेव्हा टाचेचा हा हळवेपणा कमी झाला.

ऑक्सफर्डमध्ये २०१५ साली नवजात बाळांच्या पायाला हलकंसं टोचून एमआरआय केला. मोठ्या माणसांच्या मेंदूतले जे २० भाग जागे होतात त्यातले १८ बाळांच्याही मेंदूत झाले.

मेंदूच्या वाढीचं म्हणाल तर व्हँकुव्हरच्या रूथ ग्रुनाऊ यांच्या गटाचं काम बघा. टोचण्या जितक्या जास्त, तितकी मेंदूतल्या पांढऱ्या द्रव्याची (भाग एकमेकांना जोडणाऱ्या तंतूंची) वाढ मागे, आजारपणाचा हिशेब वजा करूनही. पण हा अनेक बाळांचा मिळून दिसणारा कल आहे, एकट्या तुमच्या मुलाचं भविष्य त्यातून वाचता येत नाही. त्याच गटाला २००९मध्ये असंही दिसलं की पालकांवरचा ताण कमी असेल तिथे टोचण्यांचा दीड वर्षाच्या मुलांच्या आकलनावरचा परिणाम सौम्य होता. (हे वाचून 'आता ताण घ्यायचा नाही' असा नवा ताण घेऊ नका. माझी बहीण घेते.)

आणि 'बाळाला कळत नाही' हे खोडायला कारणीभूत झालेल्यांपैकी एक आपल्या शेजारचाच, इंदूरच्या मेडिकल कॉलेजातून शिकलेले कंवलजीत सिंग आनंद. १९८०च्या दशकातही बऱ्याच ठिकाणी कमी दिवसांच्या बाळांची हृदयाची शस्त्रक्रिया नावापुरत्या भुलीवर, हालचाल थांबवणारं औषध देऊन व्हायची. आनंदनी ऑक्सफर्डला काही बाळांना त्यासोबत फेंटानिल हे तीव्र वेदनाशामक दिलं. त्यांची तणावाची हार्मोन्स कमी वाढली आणि शस्त्रक्रियेनंतरचा त्रासही कमी झाला. हे १९८७ साली छापून आलं. म्हणजे रात्रपाळीताई लागल्या तेव्हा ते कागदावर होतं, वॉर्डात पोचायचं होतं.

सव्वाकिलो:

सगळ्यांना उत्तर द्यायला आठवडा लागला. रात्रपाळीताई, मांडीपासून सुरू केलंय. पोटरीपर्यंत चालतं, घोट्याशी आलं की माझ्याकडे बघतो. मी थांबते. रविवारी आख्खं पाऊल सात-आठ सेकंद माझ्या हातात राहिलं, तेही तो बिस्किटात गुंतलेला होता म्हणून.

काल लसीचा बूस्टर होता. डॉक्टरांना आधीच सांगितलं की दूध पाजतानाच टोचा. रडला, पण आवाज लगेच फुटला. मी होते.

उंदीरवाला यांचं टाचेचं तेवढं सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या भाजी निवडत होत्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "दिवसातून किती वेळा टोचायचे गं?" दीड वर्षात पहिल्यांदा विचारलं.

थेरपिस्टची वेळ पुढच्या मंगळवारची आहे. वाळे सध्या त्याच्या हातात असतात, ताटावर वाजवायला.