हजेरी भत्ता बुडेल म्हणून तापात कामावर येणारा ऑपरेटर: नियम कसा बदलावा?

शिरोलीची एचआर
नमस्कार. शिरोली एमआयडीसीत आमचं मशीन शॉप आहे. फाउंड्रीतून येणाऱ्या कास्टिंगचं (ओतीव भागांचं) मशीनिंग करतो. कंत्राटी धरून साठेक माणसं. एचआर, टाइम ऑफिस, पगार सगळं मीच बघते. महिनाभर एकही खाडा नसेल तर १,५०० रुपये हजेरी भत्ता मिळतो. एक दिवस चुकला की शून्य, पीएल (हक्काची पगारी रजा) टाकली असली तरी शून्य.

गेल्या महिन्यात आमचा एक व्हीएमसी (संगणकावर चालणारं मिलिंग मशीन) ऑपरेटर अंगात ताप घेऊन थर्ड शिफ्टला आला. पहाटे जॉब, म्हणजे मशीनवर लावलेलं कास्टिंग, नीट क्लॅम्प न करताच त्यानं सायकल स्टार्ट दाबली. जॉब उडून दाराच्या काचेवर आदळला. दार लागलेलं होतं म्हणून निभावलं. सकाळी विचारलं, "दादा, अशा अंगानं आलात कशाला?" तर म्हणाला, "मॅडम, २८ तारीख होती. महिना संपताना दीड हजार कसे सोडू?" मला राग आला तो त्या नियमाचा. घरी दोन लेकरं असलेल्या माणसानं दुसरं काय करायचं?

मालक म्हणतात, भत्ता बंद केला तर भाताच्या लावणीला नि उसाला तोड आली की शॉप ओस पडेल. हे खोटं नाही, आमच्या बऱ्याच जणांची शेती आहे. पण आजारी माणूस मशीनसमोर उभा राहता कामा नये. कुणी असा नियम बदलून बघितलाय का? मालकांपुढे नुसती कळकळ चालत नाही, हिशोब मांडावा लागतो.

जुना टाइमकीपर, भोसरी
ताई, हिशोब त्या ऑपरेटरच्या बाजूनं मांडा. पगार १७,५०० धरा, म्हणजे २१,००० च्या आत, ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) लागू. ईएसआयच्या आजारपणाच्या लाभात पहिले दोन दिवस धरत नाहीत, पुढे साधारण ७० टक्के मिळतात. तो तीन दिवस घरी राहिला तर दोन दिवसांचे साडेतेराशे गेले, तिसऱ्या दिवसातले दोनेकशे गेले, वर तुमचे दीड हजार. तापाची किंमत तीन हजार! दवाखान्यातली रांग वेगळीच.

दुसरं, पीएलवर भत्ता कापणं मला कधीच पटलं नाही. वीस दिवस काम केल्यावर एक दिवस पगारी रजा ही कामगाराची कमाई आहे. फॅक्टरी ॲक्टच्या कलम ७९ मध्येच होतं की आजारपणासाठी शिल्लक रजा मागितली तर आधी अर्ज नसला तरी द्यायची. नव्या कामगार संहितेत तर रजेच्या पात्रतेला लागणारे वर्षातले कामाचे दिवस २४० वरून १८० वर आले आहेत.

मी होतो तिथे आम्ही भत्त्याचे तुकडे केले. प्रत्येक पंधरवड्याचा वेगळा. पीएल, ईएसआयचं सर्टिफिकेट आणि कामावरचा अपघात हे हजेरीत धरायचे. न कळवता मारलेला खाडा मात्र त्या पंधरवड्याचा पूर्ण भत्ता घालवायचा. शिफ्टच्या चार तास आधी फोन केला तर निम्मा. लाइन सुपरवायझरला खाड्यापेक्षा जास्त त्रास असतो तो ऐनवेळी कळण्याचा. आधी कळलं तर माणूस फिरवता येतो.

सेटर, गोकुळ शिरगाव
मॅडम, कामगाराच्या बाजूनं सांगतो. चार तारखेला एक खाडा पडला की भत्ता गेला. मग शेतातली, बँकेतली, पाहुण्यांकडची सगळी कामं त्याच महिन्यात उरकतात. गेलेला भत्ता थोडाच परत येतोय? रजिस्टर काढून बघा, खाडे जोडीनं दिसतील.

लावणीचं म्हणाल तर आमच्याकडे मेअखेरीस यादी लावतात. कुणाला कधी सुट्टी हवी ते आपापसांत ठरवून लिहायचं. शिफ्ट बदलून घेतो, कुणी डबल थांबला तर ओटी (ओव्हरटाइम) दुप्पट दरानं. भांडणं होतात, पण मशीन बंद पडत नाही.

छोटा कारखानदार, सातपूर
सगळं ठीक, पण एकदा सवलत दिली की सर्टिफिकेटांचा पाऊस पडतो. माझ्याकडे बारा माणसं. दोन कमी आली की डिस्पॅच अडकतो आणि माल घेणारी कंपनी डेबिट नोट मारते, म्हणजे बिलातून पैसे कापते.

शिरोलीची एचआर
सर्वांचे मनापासून आभार. सेटर दादा, सहा महिन्यांची हजेरी काढली. अगदी तसंच आहे. पहिल्या आठवड्यात खाडा पडलेल्यांचा दुसरा खाडा त्याच महिन्यात बहुतेक ठरलेला.

जर्मनीतल्या एका किरकोळ विक्री साखळीत अप्रेंटिसांवर झालेला प्रयोगही सापडला. पूर्ण हजेरीला पैशाचं बक्षीस ठेवलं, तर गैरहजेरी साधारण ४५ टक्क्यांनी वाढली. बक्षीस सोडलं की सुट्टी घ्यायला मोकळीक, असं मुलांना वाटू लागलं. मालकांना हे दाखवणारच आहे.

सातपूरचे साहेब, तुमची अडचण खरी आहे. म्हणून सर्टिफिकेटवर सगळा भार टाकत नाही. पहिल्या दोन दिवसांना शिल्लक पीएल वापरायची. शिल्लक संपली की सवलत संपली, त्यामुळे मर्यादा आपोआप येते. पंधरवड्याला ७५० प्रमाणे तुकडे, फोनचा नियम भोसरीच्या काकांचा. मालकांकडे तीन महिन्यांची चाचणी मागणार आहे आणि त्यात खाड्यांसोबत रिजेक्शनही (नापास झालेला माल) मोजणार. थर्ड शिफ्टला ताप असलेल्याला घरी पाठवायचा अधिकार सुपरवायझरला लेखी हवा, हेही मागणार.

सेटर दादा, त्या लावणीच्या यादीचा फोटो टाकता येईल का? नावं झाकून चालेल.