लोकप्रशासनातील संशोधनाचा कल आणि रोजगार हमी: प्रबंधाची दिशा कशी ठरवावी?

शोधार्थी_धुळे

सर्वांना नमस्कार. मी लोकप्रशासन विषयात पीएच. डी.चा आराखडा तयार करीत असून रोजगार हमी योजना हे क्षेत्र नक्की केले आहे. विषयाची मांडणी कशी करावी याबद्दल मात्र दोन ज्येष्ठ प्राध्यापकांची मते परस्परविरोधी आहेत. एकांच्या मते ‘अमुक जिल्ह्यातील योजनेचे मूल्यमापन’ असे शीर्षक घ्यावे, 300 मजुरांकडून प्रश्नावली भरून घ्यावी आणि टक्केवारीची कोष्टके देऊन निष्कर्ष व शिफारशी लिहाव्यात. दुसऱ्यांचे म्हणणे असे की, अशा प्रबंधांनी ग्रंथालये भरली आहेत. सध्या संख्याशास्त्रीय पद्धतीने कार्यकारणसंबंध सिद्ध करणाऱ्या किंवा नागरिकांवरील ‘प्रशासकीय भार’, म्हणजे योजनेचा लाभ घेताना त्यांना होणारा त्रास, मोजणाऱ्या संशोधनालाच मान आहे.

माझी स्वतःची ओढ गावात योजनेच्या नोंदी ठेवणारा ग्रामरोजगार सेवक आणि तहसील कार्यालय यांच्यातील रोजच्या व्यवहाराकडे आहे. हा विषय आजच्या संशोधनाच्या प्रवाहात बसतो का, की तो केवळ वर्णनात्मक ठरून बाजूला पडेल? प्रवाह म्हणतात तो नेमका कोणता, हेही कोणी समजावून सांगितल्यास उपकार होतील.

हजेरीपट

आपल्या प्रश्नाचे उत्तर रोजगार हमीच्याच इतिहासात सापडते, कारण या एका योजनेवर गेल्या पन्नास वर्षांत झालेले संशोधन क्रमाने लावले, तर सार्वजनिक धोरणाच्या अभ्यासाने घेतलेली बहुतेक वळणे त्यात दिसतात. 1887 मधील वुड्रो विल्सन यांच्या निबंधापासून 1968 च्या मिनोब्रूक परिषदेपर्यंतचा लोकप्रशासन विषयाचा जो इतिहास आपल्याकडील प्रत्येक पाठ्यपुस्तकात येतो, तो परीक्षेपुरता ठीक आहे; आराखड्यासाठी त्याचा फारसा उपयोग नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

महाराष्ट्रात वि. स. पागे यांच्या पुढाकाराने सांगली जिल्ह्यातील विसापूर येथे 1965 मध्ये प्रयोग झाला, 1972 च्या दुष्काळानंतर योजना राज्यभर रुजली, 1975 मध्ये तिच्या खर्चासाठी व्यवसाय कर आला, 1977 मध्ये कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. त्या काळातील संशोधक प्रत्यक्ष कामावर जाऊन पाहणी करीत. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील कुमुदिनी दांडेकर यांनी या कामांवर कोण येते हे तपासले आणि स्त्रियांचा मोठा सहभाग ठळकपणे पुढे आणला. 1983 मध्ये रोनाल्ड हेरिंग आणि रेक्स एडवर्ड्स यांनी वेगळा प्रश्न विचारला: मजुरांसाठी असलेल्या या योजनेला जमीनधारक वर्गाचा आणि राज्यकर्त्यांचा पाठिंबा का आहे? बंधारे, रस्ते आणि पाझर तलाव यांचा लाभ शेवटी कोणाच्या शेताला होतो, हे विचारणारे ते राजकीय अर्थशास्त्र होते.

पुढच्या दशकात आकडेवारीची मासिक मालिका हाताशी आली आणि प्रश्न बदलला. 1988 मध्ये किमान वेतनाबरोबर योजनेचा मजुरी दर सुमारे दुप्पट झाला. मार्टिन रॅव्हेलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधरी यांनी 1993 मध्ये दाखवून दिले की, मजुरी वाढल्यावर कामाची मागणी वाढायला हवी असताना पुरवलेले काम घटले; म्हणजे हमी कागदावर राहिली आणि प्रत्यक्षात मागणाऱ्या सर्वांना काम न देता मोजकेच वाटले जाऊ लागले. त्यांनी हा निष्कर्ष कोणत्याही गावात मुक्काम न करता, शासनाच्याच आकड्यांतून काढला.

2005 च्या केंद्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्यानंतर तर संशोधनाचा महापूर आला. कायद्यातील कलम 17 ने सामाजिक लेखापरीक्षण, म्हणजे गावकऱ्यांनीच कामांचा हिशेब तपासणे, ग्रामसभेकडे दिले. त्यामागे राजस्थानातील मजदूर किसान शक्ती संघटनेच्या जनसुनावण्यांचा अनुभव होता. संकेतस्थळावर प्रत्येक हजेरीपट आणि प्रत्येक मजुरी प्रदान दिसू लागले. मग कोणी गळती, म्हणजे मजुरापर्यंत न पोचलेला पैसा, मोजली, कोणी खुल्या बाजारातील मजुरीवर झालेला परिणाम मोजला, कोणी यादृच्छिक प्रयोग (चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निवडलेल्या भागांत बदल करून इतरांशी तुलना) केले. 2019 चे अर्थशास्त्राचे नोबेल प्रयोगाधारित संशोधनाला मिळाल्यावर या पद्धतीचा दबदबा आणखी वाढला.

माझा मुद्दा असा की, संशोधनाचा कल हा बऱ्याच अंशी त्या त्या काळी कोणती नोंद उपलब्ध झाली यावर ठरतो. पाहणी होती तेव्हा मजूर दिसले, मासिक आकडे आले तेव्हा मागणी-पुरवठा दिसला, संगणकीय नोंदी आल्या तेव्हा विलंब आणि गळती दिसली. ती नोंद करणारा माणूस मात्र या सर्व संशोधनात क्वचितच दिसतो. ग्रामरोजगार सेवक, तांत्रिक सहायक, तहसीलमधील संगणक चालक हे नोंदीच्या मागे उभे आहेत आणि आपली ओढ नेमकी तिकडेच आहे. ती सोडू नये.

या विषयाला सैद्धांतिक आधार नाही असेही नाही. मायकेल लिप्स्की यांनी 1980 मध्ये मांडले की, शिक्षक, पोलीस, कल्याण कार्यालयातील कर्मचारी हे अपुऱ्या साधनांत रोज जे निर्णय घेतात, तेच नागरिकाच्या दृष्टीने धोरण असते. पामेला हर्ड आणि डोनाल्ड मोयनिहॅन यांनी 2018 मध्ये प्रशासकीय भाराचे तीन भाग केले: योजनेची माहिती मिळवण्याचा, कागदपत्रांची पूर्तता करण्याचा आणि त्यातून होणाऱ्या मनस्तापाचा. आपले दुसरे प्राध्यापक याच धारेबद्दल बोलत असावेत. 1 जानेवारी 2023 पासून मोबाइल अ‍ॅपवर छायाचित्रासह हजेरी आणि 1 जानेवारी 2024 पासून आधारवर आधारित मजुरी प्रदान अनिवार्य झाले, तेव्हा हा भार मजुरावर किती पडला आणि सेवकाने त्यातला किती स्वतःच्या अंगावर घेतला, हा प्रश्न आजच्या प्रवाहाच्या अगदी मध्यभागी आहे.

निवृत्त_पंचायत_समिती

वरील प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहे. मी प्राध्यापक नाही. पंचायत समितीत नोकरी केलेला माणूस आहे, म्हणून फक्त नोंदींविषयी लिहितो.

मजुराने नमुना 4 मध्ये कामाची मागणी करावी आणि त्याला नमुना 5 मध्ये दिनांकित पोच मिळावी, असा नियम आहे. पंधरा दिवसांत काम न मिळाल्यास बेरोजगार भत्त्याचा हक्क मिळतो आणि ते पंधरा दिवस या पोचेच्या तारखेवरून मोजले जातात. त्यामुळे, कोणालाही वाईट न ठरवता सांगतो, काम मंजूर होऊन हजेरीपट निघण्याची वेळ येईपर्यंत मागणी न नोंदवण्याकडे यंत्रणेचा कल असतो. मागणी आणि काम एकाच वेळी नोंदवले की संकेतस्थळावर मागणीची पूर्तता जवळपास संपूर्ण दिसते. संगणकातील ‘मागणी’ हा स्तंभ मजुराची मागणी सांगतो असे गृहीत धरून कोणी प्रबंध लिहिला, तर त्याने खरे पाहता कार्यालयाची सोय मोजली असे होईल.

दुसरी गोष्ट बाहेरच्या राज्यातील अभ्यासकांच्या सहसा लक्षात येत नाही. बहुतेक राज्यांत गटविकास अधिकारी हाच तालुक्याचा कार्यक्रम अधिकारी असतो. आपल्याकडे योजना मुळात महसूल यंत्रणेच्या हातात वाढली, म्हणून तहसीलदार कार्यक्रम अधिकारी आणि गटविकास अधिकारी सहकार्यक्रम अधिकारी अशी दुहेरी रचना राहिली. ग्रामरोजगार सेवकाची निवड ग्रामसभा करते, काम त्याला पंचायत समिती सांगते, आणि त्याचे मानधन वर्षानुवर्षे गावात निर्माण झालेल्या मनुष्यदिनांवर (एका मजुराचे एका दिवसाचे काम म्हणजे एक मनुष्यदिन) अवलंबून होते. ज्या गावात काम कमी, तिथे सेवकाचे मानधन तुटपुंजे, आणि मानधन तुटपुंजे म्हणून सेवक दुसऱ्या धंद्यात. मग मागणी नोंदवायला तो गावात सापडत नाही. हे चक्र कोणत्याही डॅशबोर्डवर दिसत नाही. ताई किंवा दादा, आपण जे कोणी असाल, यावर जरूर लिहा.

सहसंबंध

वरच्या दोन्ही प्रतिसादांशी सहमत असूनही संख्याशास्त्रीय पद्धतींच्या बाजूने थोडे बोलणे मला आवश्यक वाटते, कारण आपल्याकडील लोकप्रशासन विभागांत त्यांच्याविषयी एक तर भीती असते, नाही तर भाबडी भक्ती.

आधी भीतीबद्दल. संगणकातील मागणी फसवी आहे हे सिद्ध कसे झाले? राष्ट्रीय नमुना पाहणीच्या 2009-10 च्या फेरीत कुटुंबांनाच विचारले गेले की, काम हवे होते का आणि मिळाले का. त्या आकड्यांवरून पूजा दत्ता, रिंकू मुरगई, रॅव्हेलियन आणि डॉमिनिक व्हॅन डी वाले यांनी दाखवले की, देशभरात काम हवे असलेल्या ग्रामीण कुटुंबांपैकी सुमारे 44 टक्के कुटुंबांना ते मिळाले नव्हते. स्वतंत्र पाहणी नसती तर शासनाच्या आकड्यांना उत्तर देता आले नसते. तसेच मजुरीच्या विलंबाचे. राजेंद्रन नारायणन आणि सहकाऱ्यांनी 2016-17 मधील सुमारे 90 लाख व्यवहार तपासले, तेव्हा असे आढळले की, विलंबाची अधिकृत मोजणी निधी हस्तांतरण आदेश (मजुरी खात्यात जमा करण्याचा आदेश) निघेपर्यंतच होते आणि त्यानंतर केंद्राच्या पातळीवर लागणारे दिवस हिशेबात धरलेच जात नाहीत. हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि मे 2018 मध्ये न्यायालयाने पूर्ण विलंबाची भरपाई मजुराला मिळाली पाहिजे, असे सांगितले. इतके नेमके बोट ठेवणे केवळ मुलाखतींनी शक्य झाले नसते.

आता भक्तीबद्दल. केंद्रीय कायदा फेब्रुवारी 2006 मध्ये 200 जिल्ह्यांत, 2007 मध्ये आणखी 130 जिल्ह्यांत आणि एप्रिल 2008 मध्ये उर्वरित ग्रामीण जिल्ह्यांत लागू झाला. हे टप्पे अर्थशास्त्रज्ञांना पर्वणीसारखे होते: आधी मिळालेले जिल्हे आणि नंतर मिळालेले जिल्हे यांच्यातील बदलांची तुलना करायची. अडचण अशी की, पहिल्या टप्प्यातले जिल्हे मुद्दाम मागास म्हणून निवडलेले होते. धुळे, नंदुरबार, गडचिरोली त्यातच येतात. महाराष्ट्रापुरती दुसरी अडचण याहून मोठी आहे: आपल्याकडे ‘योजना नसलेला जिल्हा’ असा नव्हताच, कारण 1979 पासून राज्याची स्वतःची हमी सर्वत्र लागू होती. देशपातळीवरचे प्रतिमान उचलून दोन मराठी जिल्ह्यांना लावले, तर तुलनेचा पायाच ढासळतो. मौखिक परीक्षेत हा प्रश्न विचारला जाईलच, याची खात्री बाळगा.

प्रयोगांचेही तसेच. कार्तिक मुरलीधरन, पॉल नीहाउस आणि संदीप सुखटणकर यांनी अविभाजित आंध्र प्रदेशात 157 मंडलांत (जिल्ह्याचे उपविभाग), सुमारे 1.9 कोटी लोकसंख्येच्या प्रदेशात, बायोमेट्रिक स्मार्टकार्डचा अभ्यास केला. मजुरी लवकर मिळू लागली आणि गळती घटली. याच अभ्यासकांनी पुढे झारखंडमधील रेशन दुकानांतील आधार पडताळणी तपासली, तेव्हा आधार न जोडलेल्या खऱ्या लाभार्थ्यांचे धान्य बुडाल्याचे दिसले. यंत्र दोन्हीकडे बोटाचा ठसाच घेत होते. आंध्रात मात्र कार्ड नसलेल्यालाही मजुरी देण्याची मुभा होती. झारखंडात नियमाचा जोर अपात्र माणूस वगळण्यावर होता. प्रयोगाने फरक मोजला, त्याचे कारण समजण्यासाठी शेवटी प्रशासनाचीच रचना पाहावी लागली.

म्हणून माझा सल्ला: दोन्ही प्राध्यापकांपैकी एकाची निवड करण्याची गरज नाही. 300 मजुरांची प्रश्नावली तेवढी टाळा, कारण कामावर आलेल्या मजुरांनाच प्रश्न विचारले तर काम न मिळालेला माणूस तुमच्या नमुन्यात येणारच नाही.

शोधार्थी_धुळे

सर्वांचे मनःपूर्वक आभार. शेवटचा मुद्दा डोळे उघडणारा आहे. दोन शंका उरतात. हजेरीपटाची छाननी आणि कार्यालयातील निरीक्षण यांची सांगड एका प्रबंधात कशी घालावी? आणि सेवकांनी विश्वासाने सांगितलेल्या गोष्टी लिहिल्यामुळे त्यांच्यावर कारवाई होणार नाही, याची काळजी कशी घ्यावी?

हजेरीपट

सांगड घालण्याचा एक मार्ग सुचवतो. एका तालुक्यातील मोजकी गावे घ्या. प्रत्येक गावातील घरांची यादी स्वतः करून, काम मिळालेली आणि न मिळालेली अशी दोन्ही कुटुंबे निवडा आणि त्यांना मागणी केव्हा, कोणाकडे, तोंडी की लेखी केली ते विचारा. मग तीच कुटुंबे संकेतस्थळावरील जॉबकार्डच्या नोंदीत शोधा. तोंडी मागणीची तारीख, नोंदवलेल्या मागणीची तारीख आणि हजेरीपटाची तारीख या तिन्हींमधील अंतर हे आपले मुख्य माप होऊ शकते, आणि ते अंतर का पडते याचे उत्तर सेवकाबरोबर घालवलेल्या दिवसांतून येईल. गावात जाऊन नोंद पडताळण्याची परंपरा आपल्याकडे चांगली आहे: 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या सुधा नारायणन, अश्विनी कुलकर्णी आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात महाराष्ट्रातील 20 जिल्ह्यांच्या 100 गावांमधील 4,100 हून अधिक कामे पाहिली गेली आणि त्यांतील 87 टक्के कामे अस्तित्वात असून वापरात असल्याचे आढळले. ‘कामे कागदावरच होतात’ हे सर्वमान्य मत त्या एका पाहणीने बरेच हलले.

निवृत्त_पंचायत_समिती

दुसऱ्या शंकेबद्दल. तालुक्याचे नाव लिहू नका. नुसते गावाचे नाव बदलून भागत नाही, कारण गावात सेवक एकच असतो आणि मनुष्यदिनांचा अचूक आकडा दिला की कार्यालयातले कोणीही पाच मिनिटांत गाव ओळखते. म्हणून आकडे गटांत द्या. तहसीलदारांचे लेखी परवानगीपत्र घ्या, पण ते सेवकाला पहिल्याच भेटीत दाखवू नका, नाही तर तो आपल्याला तपासणी पथकातला समजेल. आणि मार्चमध्ये जाऊ नका. त्या महिन्यात कोणाला बोलायला वेळ नसतो.