उपमंत्री, राज्यमंत्री की सचिव?

प्रश्न : फ्रान्झ श्लेगेलबर्गर या जर्मन न्यायखात्यातल्या माणसावर मराठीत लेख लिहितोय. इंग्रजीत तो कुठे 'डेप्युटी मिनिस्टर', कुठे 'स्टेट सेक्रेटरी'. मूळ पद 'श्टाट्सझेक्रेटेअर'. पहिल्या खर्ड्यात 'न्याय उपमंत्री' लिहिलं. वडिलांना वाचून दाखवलं, तर ते म्हणाले, "निवडून कुठून आला होता?" तिथेच अडलोय.

प्रतिसाद : वडिलांनी नेमकं बोट ठेवलंय. उपमंत्री म्हटलं की मतदारसंघ आला, शपथविधी आला. १९६० च्या सुमारास भंडाऱ्याचे खासदार हजरनवीस केंद्रात कायदा खात्याचे उपमंत्री होते, ते खरे उपमंत्री. तुमचा माणूस मुळात न्यायाधीश. १९१८ साली खात्यात आला, १९३१ मध्ये या पदावर पोचला, म्हणजे हिटलर सत्तेवर यायच्याही आधी. नाझी पक्षात गेला तो थेट १९३८ मध्ये. सरळ 'सचिव' लिहा. आपल्या विधि व न्याय विभागातही सचिवपदी न्यायिक सेवेतले अधिकारी येतातच की.

प्रतिसाद : 'सचिव' फार हलकं होतं हो. सचिव आमच्या सोसायटीलाही आहे, पाणी सोडायची वेळ फळ्यावर लिहितो. 'श्टाट' म्हणजे राज्य, मग 'राज्यमंत्री' का नको?

प्रतिसाद : नको! 'केंद्रीय राज्यमंत्री' या शब्दाने आधीच निम्मा महाराष्ट्र गोंधळलेला असतो. जर्मनीत १९६७ पासून संसदीय श्टाट्सझेक्रेटेअर नेमतात. ते खासदार असतात, त्यांना राज्यमंत्री म्हटलं तर एक वेळ चालेल. १९३१ च्या माणसाला नाही. मात्र सचिव म्हणजे बिनपक्षाचा नोकरदार, असंही धरून चालू नका. त्याच खात्यात त्याच हुद्द्यावर रोलांड फ्राइस्लर होता, १९२५ पासूनचा पक्षाचा माणूस. २० जानेवारी १९४२ च्या वान्झे बैठकीला, म्हणजे ज्यूंच्या संहाराची आखणी झाली त्या बैठकीला, न्यायखात्यातर्फे तोच गेला. त्या बैठकीला जर्मनीत 'सचिवांची परिषद' असंही म्हणतात. 'उपमंत्र्यांची परिषद' लिहिलंत तर बैठकीचा सरकारी, फायलींचा वासच उडून जाईल.

मूळ प्रश्नकर्ता : पटलं. पण जानेवारी १९४१ मध्ये मंत्री गुर्टनर वारला, आणि ऑगस्ट १९४२ पर्यंत खातं श्लेगेलबर्गरनेच चालवलं. तेव्हा तो कोण? हंगामी मंत्री?

प्रतिसाद : 'हंगामी' वाचलं की मला साखर कारखान्यातले कामगार दिसतात. 'प्रभारी मंत्री' चालेल, पण त्यातही मंत्रिपद मिळाल्याचा भास होतो. त्याला मंत्री केलंच नव्हतं, कामकाज तेवढं सोपवलं होतं. यासाठी आपल्या कचेऱ्यांत तयार शब्द आहे : 'अतिरिक्त कार्यभार'. सचिव, मंत्रिपदाच्या अतिरिक्त कार्यभारासह. रुक्ष आहे, पण हा माणूस रुक्षच होता. लुफ्टग्लास नावाच्या म्हाताऱ्या ज्यूला अंड्यांच्या साठेबाजीबद्दल अडीच वर्षांची कैद झाली होती. हिटलरला फाशी हवी होती. ऑक्टोबर १९४१ मध्ये श्लेगेलबर्गरने लुफ्टग्लासला देहदंडासाठी गेस्टापोच्या, म्हणजे नाझी गुप्त पोलिसांच्या, ताब्यात दिलं आणि तसं पत्राने कळवलं. इथे 'सोपवलं' लिहू नका, 'सुपूर्द केलं' लिहा. पोचपावतीचा शब्द आहे.

प्रतिसाद : आणि पायउतार होताना हिटलरने दिलेल्या १ लाख मार्कांना 'बक्षीस' म्हणा, 'मानधन' नको.

मूळ प्रश्नकर्ता : ठरलं. 'सचिव', पहिल्या उल्लेखापाशी एका ओळीचा खुलासा, आणि १९४१-४२ साठी 'अतिरिक्त कार्यभार'. पुढचा भाग सोपा आहे. १९४७ ला न्यूरेंबर्गमध्ये जन्मठेप, तीन-चार वर्षांत प्रकृतीच्या कारणाने सुटका, १९७० मध्ये फ्लेन्सबुर्गला मृत्यू, वय ९४. सुटल्यावर काही वर्षं सरकारी पेन्शनही मिळाली. हे वडिलांना सांगितलं, तर म्हणाले, "मग सचिवच तो."