मदत हवी आहे: खड्ड्यात आदळली की मीटर जातं, इंजिन बंद पडतं. इग्निशन स्विच की सेल्फ?

मंडळी, जरा तातडीने सल्ला हवा आहे. गाडी 2011 ची पेट्रोल हॅचबॅक, चावीवर चालू होणारी. ती माझे वडील चालवतात, कराड-पाटण रस्त्यावर नेहमीची ये-जा. त्यांचं वय सत्तरीपुढे आहे, त्यामुळे घरात सगळ्यांनाच घोर लागलाय.

सेल्फ मारला की इंजिन लगेच पकडतं, पण बोटं सैल करून चावी ऑनवर आली की बंद. पुन्हा पुन्हा केलं की कधीतरी चालू राहतं. हे महिनाभर चाललंय. पण परवा चाक खड्ड्यात गेलं आणि मीटरमधले दिवे, काटे, ब्लोअर सगळं एकदम गेलं, इंजिनही बंद. संध्याकाळची वेळ होती. हेडलाइट मात्र चालू होते, हॉर्न वाजत होता. स्टेअरिंग जड झालेलं, तरी बाबांनी गाडी कशीबशी कडेला घेतली. थांबल्यावर चावी थोडी हलवली तर दिवे परत आले.

गॅरेजमध्ये बॅटरी तपासली, 12.6 व्होल्ट दाखवते. आता ते सेल्फ बदला म्हणतात. मला हे पटत नाही. सेल्फमध्ये दोष असता तर इंजिन फिरलंच नसतं ना? खर्चाचं काही नाही, पण चुकीचा पार्ट बदलून बाबांना पुन्हा त्या रस्त्यावर पाठवायचं नाही. खात्री कशी करायची?

प्रतिसाद 1
तुमची शंका बरोबर आहे. मी गाड्यांचं वायरिंगचंच काम करतो. चावीमागे दोन वेगळ्या वस्तू असतात: पुढे कुलूप, म्हणजे चावी जाते तो भाग, आणि त्याच्या पाठीमागे इलेक्ट्रिकल स्विच. त्या स्विचमध्ये स्टार्टचा कॉन्टॅक्ट वेगळा आणि ऑनचा वेगळा. सेल्फ फिरतो म्हणजे स्टार्टचा शाबूत आहे. चावी सोडल्यावर मरते म्हणजे ऑनचा जळत आलाय. हेडलाइट आणि हॉर्न बहुतेक गाड्यांत थेट बॅटरीवर असतात म्हणून ते टिकले. तेही गेले असते तर मी आधी बॅटरीची टर्मिनल आणि अर्थिंग बघा म्हटलं असतं.

खात्रीसाठी गाडी उभी करून, हँडब्रेक लावून, इंजिन चालू ठेवून चावी ऑनवरच हलकी वर-खाली करा. मीटर लुकलुकलं किंवा इंजिन अडखळलं की अर्धं उत्तर मिळालं. उरलेलं मल्टिमीटर देईल. स्विचचा कपलर, म्हणजे वायरी जोडणारा प्लॅस्टिकचा प्लग, लावलेलाच ठेवा, चावी ऑनवर, ब्लोअर फुल. मल्टिमीटरची एक पिन मागच्या बाजूने बॅटरीकडून येणाऱ्या जाड वायरला, दुसरी ऑनच्या वायरला. चांगल्या स्विचमध्ये 0.1-0.2 व्होल्टच्या आसपास दिसतं. चावी हलवताना एक-दोन व्होल्टवर उडी मारत असेल तर सेल्फला हात लावू नका. कपलरही काढून बघा, एखादी पिन काळी पडून आजूबाजूचं प्लॅस्टिक वितळलेलं असतं.

एअरबॅग असेल तर स्टेअरिंगखालचं कव्हर उघडण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह काढून काही मिनिटं थांबा.

प्रतिसाद 2
बाबांच्या चावीला जुडगा आहे का? घराच्या, दुकानाच्या किल्ल्या, देवाचं लॉकेट? आजच काढा. जनरल मोटर्सने 2014 साली शेव्हरोले कोबाल्ट, सॅटर्न आयन वगैरे मिळून सुमारे 26 लाख गाड्या इग्निशन स्विचपायी परत मागवल्या, त्यातल्या बहुतेक अमेरिकेतल्या. स्विचमधली पकड ढिली होती. धक्का बसला किंवा जुडग्याचा भार आला की चावी ऑनवरून मागे सरकायची, इंजिन बंद आणि एअरबॅगही मेलेली. भरपाईसाठी नेमलेल्या निधीने 124 मृत्यू मान्य केले. दुरुस्ती होईपर्यंत चावी एकटीच वापरा, असं तेव्हा कंपनीनेच सांगितलं होतं.

आणि बाबांना हे नीट समजावा: चालत्या गाडीत असं झालं तर चावी लॉककडे अजिबात फिरवायची नाही, बाहेर काढायची नाही, स्टेअरिंग अडकेल. ब्रेक एकदाच दाबून धरायचा. सारखा सोडून-दाबून केला की ब्रेक हलका करणारा साठलेला व्हॅक्यूम संपतो आणि पेडल दगडासारखं होतं. हॅझर्ड लावून कडेला.

प्रतिसाद 3
आमच्याकडे असंच झालं तेव्हा वायरमनने डॅशबोर्डखाली वेगळं पुश बटण बसवून दिलं. स्वस्तात काम झालं.

प्रतिसाद 1
ते स्टार्टचा कॉन्टॅक्ट गेला असेल तेव्हाचा तात्पुरता उपाय. इथे ऑनचा गेलाय, बटणाने काहीच साधणार नाही. स्विचमध्ये स्प्रेही मारू नका.

धागाकर्ता
सर्वांचे मनापासून आभार. काल बाबांना घरीच थांबवलं आणि मल्टिमीटर लावला. चावी सरळ असताना 0.6, हलवली की 2 च्या वर. कपलरची एक पिन तपकिरी झालेली, तिच्याभोवतीचं पांढरं प्लॅस्टिक मेणासारखं ओघळलेलं. जुडगाही काढला. आता विचारायचं एवढंच: कुलूपासकट सगळा सेट घ्यावा लागेल का? चावीत इमोबिलायझरची, म्हणजे दुसऱ्या चावीने गाडी चालू होऊ न देणारी, चिप आहे.

प्रतिसाद 1
चावी सहज आत जाते, अडकत नाही ना? मग कुलूप राहू द्या. पुष्कळ गाड्यांत मागचा स्विच दोन छोट्या स्क्रूंवर असतो आणि वेगळा मिळतो. तेवढाच बदलला तर चावीही तीच आणि चिपचं प्रोग्रामिंगही नको. पण जळलेल्या कपलरमध्ये नवा स्विच खोचू नका, ती पिन नवाही स्विच जाळेल. कपलर नवीन टाकून घ्या आणि ब्लोअरचा भार स्विचवरूनच जात असेल तर त्याला वेगळा रिले (जास्त करंट स्वतःवर घेणारा स्विच) आणि फ्यूज बसवायला सांगा.