मदत हवी आहे: पोलिश मुलाचं नाव, जे कोल्हापूरच्या आजीलाही घेता येईल

नमस्कार मंडळी. आम्ही व्रोत्स्वाफला राहतो (नकाशात तुम्ही 'व्रोक्लाव' वाचलं असेल, तेच हे). नवरा पोलिश, मी कोल्हापूरची. दिवाळीच्या सुमारास मुलगा होणार आहे. इथे डॉक्टर आधीच सांगून टाकतात, त्यामुळे नावाची चर्चाही आधीच पेटली आहे.

सासरच्यांची अट: नाव जुनं स्लाव्ह हवं, बायबलमधलं किंवा ग्रीक नको. म्हणजे यान, याकुब, तोमाश, मिखाऊ सगळे बाद. 2023 मध्ये इथे मुलांच्या नावांत पहिला आलेला निकोदेमही बाद, कारण तो ग्रीक, 'लोकांचा विजय'. माझी अट एवढीच की आजीला हाक मारता यावी. आजी वळिवड्याकडची. 1943 ते 1948 तिथे निर्वासित पोलिश लोकांची मोठी छावणी होती, त्यामुळे 'पोलंडची माणसं' तिला नवी नाहीत. पण नातजावयाचं नावसुद्धा ती अजून टाळतेच, 'अगं तुझे हे' म्हणते.

ही जुनी नावं आपल्या सामासिक नावांसारखी दोन तुकड्यांची असतात. बऱ्याच नावांच्या शेवटी जे 'स्वाफ' येतं त्याचा अर्थ कीर्ती. (ल वर तिरकी रेघ मारलेलं अक्षर 'व'सारखं म्हणतात आणि शेवटचा व बोलताना फ होतो.) हा शब्द आणि संस्कृतातला 'श्रवस्' एकाच मुळातले आहेत, 'स्वस्ति न इन्द्रो वृद्धश्रवाः' मधला. त्यामुळे बोलेस्वाफ, म्हणजे 'जास्त कीर्ती असलेला', हा जवळजवळ आपला भूरिश्रवाच. सासरे खूश झाले. महाभारतात भूरिश्रव्याचं पुढे काय होतं ते मी त्यांना सांगितलेलं नाही. 1025 मध्ये राज्याभिषेक झालेला पहिला पोलिश राजाही बोलेस्वाफच. पण लाडाचं नाव बोलेक, आणि ते म्हटलं की इथे प्रत्येकाला कार्टूनच आठवतं.

अर्थाच्या बाबतीत मला सगळ्यात आवडलं झ्बिग्न्येफ, 'राग घालवणारा'. आमच्या दोन्ही घराण्यांना गरज आहे. आजीला फोनवर म्हणून दाखवलं तर ती म्हणाली लाइन खराब आहे. व्होयचेख म्हणजे 'लढाईत आनंद मानणारा', नको बाई. काझिम्येश हे थोर राजाचं नाव, क्राकूफचं विद्यापीठ 1364 मध्ये त्यानेच स्थापलं, पण अर्थ पाहिला तर 'शांती मोडणारा'. काही जण 'शांतीची आज्ञा देणारा' असंही लावतात. घरात यावर एक अख्खं जेवण गेलं. शिवाय लाडाचं नाव काझिक. कोल्हापुरात त्याचं काय होईल ते सांगायला नको.

उरले दोन. बोग्दान, 'देवाने दिलेला', सरळ देवदत्त. बोलायलाही सोपं. पण भाऊ ऐकल्या ऐकल्या म्हणाला, "बोगदा?" दुसरं स्तानिस्वाफ. पहिल्या तुकड्यात 'होणं, उभं राहणं' आहे, म्हणजे कीर्तिमान होणारा. पणजोबांचंही तेच नाव, त्यामुळे सासरचं मत तिकडे. लाडाचं नाव स्ताश.

इथे राहणाऱ्यांना विचारायचंय: बोग्दान आजच्या मुलाला शोभेल का? आणि सोबत मराठी नाव नोंदवता येतं का?

वॉर्सा-मुक्कामी: अभिनंदन ताई! बोग्दान म्हटलं की इथे साठी उलटलेले काका डोळ्यांसमोर येतात. 1950 च्या दशकात हे नाव जोरात होतं. शाळेत बिचारा एकटाच बोग्दान असेल. स्तानिस्वाफ उलट पुन्हा फॅशनमध्ये आलंय, दरवर्षीच्या पहिल्या दहात दिसतं. नोंदणीत जास्तीत जास्त दोन नावं घेतात आणि परदेशी नाव चालतं. लाडाचं रूप मात्र चालत नाही, म्हणजे कागदावर स्ताश नाही, पूर्ण स्तानिस्वाफच. दवाखान्याने जन्माचा कागद केला की तिथून 21 दिवसांत नोंद करायची. तेव्हा बारशाची वाट बघत बसू नका.

मूळ सातारा: मराठी नाव निवडताना रोमन स्पेलिंग पोलिश डोळ्यांनी वाचून बघा. तिथे जे (j) म्हणजे य. अर्जुनचा आर्युन होतो, विजयचा वियाय. सी-एच म्हणजे ख, म्हणून सचिनचा साखिन. आणि शेवटी ए (a) आला की मुलगीच समजतात. आमच्या आदित्यला बालवाडीत पहिल्या दिवशी मुलींच्या रांगेत उभं केलं होतं.

कृष्णाकाठ: मिलन ठेवा की! स्लाव्ह भाषांत मिलान हे मुलाचंच नाव आहे, 'प्रिय' या अर्थाचं. आपल्याकडे अर्थ वेगळा, पण चांगलाच. इटलीतल्या शहराशी गोंधळ होईल असं वाटत असेल तर तसं नाही, पोलिशमध्ये त्या शहराला मेदिओलान म्हणतात.

वॉर्सा-मुक्कामी: +1. आणि स्तानिस्वाफ ठेवलंत तर 8 मेची तयारी ठेवा. तो त्या नावाच्या संताचा दिवस, म्हणून त्या दिवशी नावाचा वाढदिवस, 'इमिएनिनी'. जुन्या पिढीत जन्माच्या वाढदिवसापेक्षा याचंच कौतुक जास्त. सासूबाई विसरणार नाहीत.

धागाकर्ती: सगळ्यांचे खूप आभार! स्तानिस्वाफ मिलान जवळजवळ ठरलं. आजीला मिलन जमतं आणि स्ताशही जमतं, तिने दोन्ही म्हणून दाखवलं. आई विचारतेय की 8 मेला ओवाळायचं का. मी म्हटलं, ओवाळ. आता शेवटचं: पुढे ओसीआयच्या (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं कार्ड) अर्जात ती तिरकी रेघ असलेलं अक्षर कसं लिहायचं? साधा एल चालतो की पासपोर्टशी जुळत नाही म्हणून अडवतात? कुणी नुकताच अर्ज केला असेल तर कृपया सांगा.