केनियातल्या शाळेत रोपं लावतात पण जगत नाहीत, काय करता येईल?

मोम्बासाकर_ताई:
नमस्कार मंडळी, नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही मोम्बासाला असतो. इथून दक्षिणेला क्वाले काउंटीतल्या एका प्राथमिक शाळेत मी पर्यावरण क्लबला मदत करते. दर नोव्हेंबरला पोरं जीव तोडून खड्डे खणतात, रोपं लावतात, मग शाळेला सुट्टी लागते आणि जानेवारीत बघावं तर अर्ध्याहून जास्त वाळलेली, उरलेली शेळ्यांनी खाल्लेली. एका मुलीने आपलं रोप जिवंत आहे का बघायला हळूच वाकवलं तर कट्कन मोडलं, तिचा चेहरा बघवेना. काही उपाय सुचवा ना.

नैरोबी_वाला:
ताई, महिना चुकतोय. नोव्हेंबरचा पाऊस छोटा, त्यानंतर सुट्टीत पाणी घालायला शाळेत कोणी नाही आणि वर जानेवारी-फेब्रुवारीचं कडक ऊन. कोस्टला मोठा पाऊस एप्रिल-मेमध्ये पडतो, तेव्हा लावा. थोडीच लावा पण भोवती काटेरी फांद्यांचं कुंपण पक्कं करा आणि शाळेजवळ राहणाऱ्या पोरांना सुट्टीतल्या पाण्याची पाळी लावून द्या. अजून एक, इथल्याच वांगारी माथाई यांनी १९७७ मध्ये ग्रीन बेल्ट ही झाडं लावायची चळवळ सुरू केली, त्यात बायकांना पैसे मिळायचे ते जगलेल्या रोपांचे, नुसत्या लावलेल्या नाही. तुम्ही पण वर्गावार जगलेलीच मोजा, बक्षीस त्यावरच द्या, मग बघा पोरं कशी राखण करतात ते.

खाडीवरचा:
क्वालेत आहात तर गाझीला जाऊन या आधी! तिथे २०१३ पासून मिकोको पमोजा नावाचा गावकऱ्यांचा कांदळवन प्रकल्प आहे, ११७ हेक्टर, कार्बन क्रेडिट (झाडांनी शोषलेल्या कार्बनचं प्रमाणपत्र) विकून आलेला पैसा गावच्या पाण्यावर आणि शाळेवर खर्च होतो. आपल्या कोकणातल्या खाडीत दिसतं तेच कांदळ तिथे आहे. त्याची लांब शेंग झाडावरच रुजते, देठाजवळ पिवळी कडी दिसली की तयार झाली समजायचं, ओहोटीला चिखलात सरळ खोचायची, ना पिशवी ना पाणी घालायची भानगड. फक्त जिथे आधी कांदळ होतं तिथेच लावा, उघड्या लाटांच्या जागी टिकत नाही. आणि ते सरकारी राखीव जंगल आहे, केनिया फॉरेस्ट सर्व्हिसला विचारल्याशिवाय हात लावू नका.

मोम्बासाकर_ताई:
गाझी तर अगदी जवळ आहे हो!! हेडमास्तरांशी उद्याच बोलते. शाळेच्या आवारात मात्र सावलीची झाडं हवीच आहेत, निलगिरी पटकन वाढते म्हणतात, लावू का?

नैरोबी_वाला:
निलगिरी नको, पाणी फार ओढते. आंबा लावा, कोस्टला मस्त येतो आणि फळ मिळणार म्हटल्यावर पोरं स्वतःहून जपतील. वाइल्डलाइफ क्लब्ज ऑफ केनियालाही विचारा, १९६८ पासून शाळांमध्येच काम करतात.