फॉस्फोलिपिड ईआरमधून मायटोकॉन्ड्रियात पोचतं तरी कसं? (लिव्हर)

मेहरूणची_बोरं: राम राम मंडळी. जळगावला एमएस्सी बायोकेम, पहिलं वर्ष. फॉस्फोलिपिड (मेम्ब्रेन ज्या चरबीच्या रेणूंचं असतं ते) बनतं ईआरमध्ये (एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलम, पेशीतलं मेम्ब्रेनचं जाळं) आणि लागतं मायटोकॉन्ड्रियाला पण, मधे सगळं पाणी, ह्याच्या शेपट्यांचं तर पाण्याशी वाकडं, मग जातं कसं? सर म्हणे वेसिकल (मेम्ब्रेनची छोटी पिशवी). पण मायटोकॉन्ड्रिया त्या रूटवर येतच नाही ना भो?

रावेर_केळी: बरोबर पकडलंस. विर्ट्झ आणि झिल्व्हरस्मिट, १९६८. उंदराच्या लिव्हरमधले मायटोकॉन्ड्रिया आणि मायक्रोसोम (ईआरचे तुकडेच ते) घेतले, एकाच्या फॉस्फोलिपिडला रेडिओॲक्टिव्ह लेबल, दोघं एकत्र ठेवले आणि सेंट्रिफ्यूज करून परत वेगळे केले तर लेबल दुसऱ्यात सापडलं. गंमत म्हणजे पेशीचं सुपरनॅटंट (सेंट्रिफ्यूज केल्यावर वर राहतं ते पाणी) घातलं की काम झपाट्यानं, नाहीतर रडतखडत. म्हणजे हमाल त्या पाण्यातच होता. पुढे गुरांच्या लिव्हरमधून पीसी-टीपी (फॉस्फॅटिडिलकोलीन ट्रान्सफर प्रोटीन) शुद्ध केलं, साधारण २५ किलोडाल्टनचं प्रोटीन, पोटात खळगा, त्यात फॉस्फॅटिडिलकोलीनचा (कोलीनवाल्या फॉस्फोलिपिडचा) एकच रेणू, शेपट्या आत झाकलेल्या. दुसरं काही घेतच नाही, लाडाचं आहे. पीआय-टीपी हे दुसरं ट्रान्सफर प्रोटीन मात्र इनॉसिटॉलवालं पण नेतं आणि कोलीनवालं पण.

भुसावळ_जंक्शन: थांब भाऊ, लेबल सरकलं म्हणजे माल वाढला असं नाही. रावेरहून केळीचं भरलेलं कॅरेट नेलं आणि तिकडून भरलेलंच परत आणलं, तर तिकडे काय वाढलं? हे बहुतेक नुसतं एक्स्चेंज. आणि १९९९ ला पीसी-टीपीचं जीन काढलेले उंदीर आले, वाटलं होतं पित्तातलं फॉस्फॅटिडिलकोलीन आता आटणार, काही फरक नाही.

रावेर_केळी: ते खरंय. पित्तात सोडायचं काम तसंही लिव्हर पेशीच्या पित्ताकडच्या मेम्ब्रेनमधल्या एबीसीबी४ ह्या प्रोटीनचं. तिथपर्यंत कोण पोचवतं हा वाद वेगळा.

मेहरूणची_बोरं: अरे मग पेपरात काय लिहू, दहा मार्काला येतं हे

भुसावळ_जंक्शन: १९६८ चा प्रयोग लिही पण "टेस्टट्यूबमध्ये" हा शब्द घाल. मग कॉन्टॅक्ट साइट, ईआर आणि मायटोकॉन्ड्रिया काही ठिकाणी अगदी चिकटून असतात, मधे काही नॅनोमीटरच. फॉस्फॅटिडिलसेरीन (सेरीनवालं फॉस्फोलिपिड) तिथूनच आत जातं, आत डिकार्बॉक्सिलेशन (कार्बन डायऑक्साइड निघून जाणं) होऊन इथॅनॉलअमीनवालं होतं, आणि त्यातलं काही परत ईआरला आलं की लिव्हरमध्ये पीईएमटी हे एन्झाइम त्याचं कोलीनवालं करतं. ही खरी वाहतूक, कारण माल पोचल्याशिवाय बदलणारच नाही. व्हीपीएस१३ सारखी लांबट प्रोटीन्स पण बघ, दोन मेम्ब्रेनमधे पन्हाळीसारखी.

मेहरूणची_बोरं: पन्हाळी लक्षात राहील. सरांना कोण सांगणार पण 😅